विसाव्यातली वीज : एका घरगुती बटणाचा ऊर्जाविचार

विजेवर चालणाऱ्या मोटारीला चार्जिंगची गन ज्या खोबणीत लावायची, त्या खोबणीवर एक छोटे झाकण असते, आणि टेस्ला कंपनीने २०१२ साली मॉडेल एस ही मोटार रस्त्यावर आणली तेव्हा हे झाकण मागच्या डाव्या दिव्याच्या कडेत असे बेमालूम बसवले होते की, बाहेरून त्याला ना मूठ दिसावी ना खाच. ते उघडण्याचा एक मार्ग मोटारीच्या पडद्यावर होता, एक किल्लीवर होता, आणि सर्वांत सोयीचा मार्ग खुद्द चार्जिंगच्या गनवर होता: गनच्या मुठीवरचे बटण दाबले की मुठीतला लहानसा रेडिओ प्रेषक, म्हणजे संदेश हवेत सोडणारी मंडल-पट्टी, एक ठरावीक संदेश प्रक्षेपित करतो आणि मोटार तो ऐकून झाकण उघडते. उत्तर अमेरिकेत हा संदेश ३१५ मेगाहर्ट्झवर आणि युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जातो. या दोन्ही वारंवारता गॅरेजच्या दारांचे आणि मोटारींच्या कुलपांचे रिमोट दीर्घकाळ वापरत आलेले आहेत.

ही सोय कंपनीच्या स्वतःच्या गनबरोबर येते आणि दुसऱ्या बहुतेक गनबरोबर येत नाही, यात घरगुती बटणाचे मूळ आहे. अमेरिकेत २०१० पासून जे१७७२ नावाचा मानक जोड बहुतेक सर्व कंपन्यांच्या विद्युत मोटारींसाठी रूढ झाला आणि घरोघरी, कार्यालयांच्या वाहनतळांवर, दुकानांच्या आवारात याच जोडाचे चार्जर बसले. टेस्लाधारक अडाप्टर लावून ते वापरू शकतो, परंतु जे१७७२च्या मुठीवर जे बटण असते ते रेडिओचे नव्हे. ते गनची खिट्टी सोडवते आणि गन काढली जात असल्याची वर्दी एका रोधकाच्या साहाय्याने मोटारीला देते. त्यामुळे एका हातात जड केबल आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला खिशातली किल्ली वा फोन काढावा लागतो किंवा पुन्हा मोटारीत डोकावावे लागते. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा छंद आहे अशा अनेकांनी या गैरसोयीवर स्वतःचा उपाय काढला: तोच संदेश सोडणारे एक लहान बटण घरी तयार करायचे आणि ते जे१७७२च्या मुठीवर पट्ट्याने बांधून टाकायचे.

या उपायातला रेडिओचा भाग ऐकायला कठीण वाटला तरी तो फार सोपा आहे. गॅरेजच्या दाराचा चांगला रिमोट प्रत्येक दाबाला वेगळा सांकेतिक आकडा पाठवतो, जेणेकरून एकदा चोरून ऐकलेला संदेश पुन्हा चालू नये. चार्जिंग पोर्टच्या संदेशात असे काही गुपित नाही, तो प्रत्येक वेळी तोच असतो आणि प्रत्येक मोटारीसाठी तोच असतो. याचे कारणही सयुक्तिक आहे, कारण महामार्गावरच्या चार्जरला आपल्यासमोर कोणती मोटार येऊन उभी राहणार हे आधी माहीत नसते, आणि झाकण उघडल्याने मोटार चालू होत नाही की तिचे दार उघडत नाही. टेस्लाची मार्गदर्शिका सांगते त्याप्रमाणे मोटार कुलूपमुक्त असेल किंवा ओळखीची किल्ली जवळ असेल, तेव्हा हे बटण वापरायचे असते. आरटीएल२८३२यू या चिपवर चालणाऱ्या स्वस्त दूरचित्रवाणी ग्राहकाचा उपयोग सर्वसाधारण रेडिओ ग्राहक म्हणून करता येतो हे २०१२ साली उघड झाल्यापासून असा संदेश संगणकाच्या पडद्यावर पाहणे कोणालाही शक्य झाले आहे. त्यात प्रेषक ठरावीक क्रमाने चालू-बंद होताना दिसतो. एका स्पंदाची लांबी सुमारे ४०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागाएवढी असते, सबंध संदेश सेकंदाच्या दशांशाहून थोडा लांब असतो आणि तो लागोपाठ काही वेळा पुन्हा पाठवला जातो, असा सगळा खेळ एका सेकंदाच्या आत संपतो. हा क्रम एका मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे आज्ञावली साठवणाऱ्या आणि पाळणाऱ्या एकाच चिपमध्ये लिहिला आणि तिच्या एका पायाला तयार प्रेषक जोडला की बटण काम करू लागते. येथवर पोहोचायला एक संध्याकाळ पुरते.

खरा अभ्यास यापुढे आहे, आणि तो या बटणाला वीज कोठून द्यायची याचा आहे. कंपनीच्या मुठीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिच्यातल्या मंडलाची वीज केबलच्या भिंतीकडच्या टोकातूनच येते. घरगुती बटण मात्र दुसऱ्याच्या केबलवर पाहुणे म्हणून बसलेले असते आणि त्याला स्वतःची शिदोरी सोबत ठेवावी लागते. बहुतेक निर्माते पहिला विचार संदेश सोडताना किती वीज लागेल याचा करतात. पण आकडे मांडून पाहिले तर संदेशाचा खर्च नगण्य ठरतो आणि दोन दाबांमधल्या प्रदीर्घ निष्क्रिय काळातच सगळी वीज जाते असे दिसते. असे बटण किती टिकेल हे ते काम कसे करते यावर फारसे अवलंबून नसते. ते काम नसताना किती निवांत राहू शकते यावर अवलंबून असते.

हा हिशेब मांडण्यासाठी सीआर२०३२ हा सर्वपरिचित सेल घेता येईल. हातगणकापासून संगणकाच्या मदरबोर्डपर्यंत सर्वत्र दिसणारा हा चपटा बटण सेल आहे. त्याच्या नावातच त्याची मापे आहेत, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. आत लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड असते, विद्युतदाब ३ व्होल्ट आणि धारणक्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे १ मिलिअँपिअर धारा तो ढोबळमानाने २२० तास पुरवू शकतो. बटणाच्या एका दाबाला सरासरी १० मिलिअँपिअर धारा पूर्ण एक सेकंद लागते असे सढळ हाताने धरले, तरी एका दाबाचा खर्च मिलिअँपिअर-तासाच्या तीनशेसाठाव्या भागाएवढा येतो आणि एका सेलमध्ये ७९,००० दाब बसतात. दिवसाला चार वेळा बटण दाबणाऱ्या कुटुंबाला ते चोपन्न वर्षे पुरतील, आणि तितकी वर्षे सेल, मोटार किंवा चार्जर यांपैकी काहीच टिकणार नाही.

आता याच सेलवर प्रयोगासाठी सर्वत्र मिळणारा एखादा तयार बोर्ड चढवला तर चित्र पालटते. ईएसपी३२सारख्या चिपचे तयार बोर्ड छंदिष्टांच्या खणात पडलेलेच असतात, म्हणून पहिले बटण पुष्कळदा त्यांच्यावरच उभे राहते. खुद्द चिप गाढ निद्रावस्थेत दहा-वीस मायक्रोअँपिअरवर भागवते, आणि मायक्रोअँपिअर हा मिलिअँपिअरचा हजारावा भाग असल्याने ही चैन परवडणारी आहे. परंतु बोर्डावर चिप एकटी नसते. वीज चालू असल्याची खूण म्हणून एक दिवा अखंड तेवत असतो, यूएसबीतून बोलणारी दुसरी चिप जागी असते आणि येणारा दाब ३.३ व्होल्टवर आणणारा नियामक बसवलेला असतो. हा नियामक बहुधा एएमएस१११७ जातीचा असतो आणि तो स्वतःच्या अस्तित्वासाठीच, पुढे काहीही जोडलेले नसताना, ५ मिलिअँपिअरच्या आसपास धारा खातो. दिवा आणि बाकीचे सोडून फक्त या नियामकाचा हिशेब केला तरी सेल ४४ तासांत, म्हणजे दोन दिवसांच्या आत रिकामा होतो, मग त्या दोन दिवसांत बटण एकदाही दाबलेले नसले तरी. चोपन्न वर्षे आणि दोन दिवस यांमधले हे अंतर संदेशाच्या खर्चाने पडलेले नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे बोर्ड टाकून देऊन उघडी, लहान चिप वापरणे. एटीटायनी८५व्ही ही आठ पायांची चिप या कामासाठी लोकप्रिय आहे, कारण ती १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालते आणि त्यामुळे सेल व चिप यांच्यामध्ये नियामकाची गरजच उरत नाही. निद्रावस्थेत ती मायक्रोअँपिअरच्या काही दशांशांवर राहते, आणि या मानाने सेल शतकभर पुरावा असा कागदी हिशेब येतो. प्रत्यक्षात सेलची आपोआप होणारी झीज, जी वर्षाला सुमारे एक टक्का असते, हीच मग मर्यादा ठरते. मात्र ही झोप चिपला आज्ञावलीतून नीट सांगावी लागते. सदृश दाब मोजणारा चिपमधला भाग झोपण्यापूर्वी बंद करायचा राहिला, तर तो दोनशेहून अधिक मायक्रोअँपिअर खात राहतो आणि सेल दीड महिन्यात संपतो. दाब फार घसरल्यास चिपला थांबवणारा रक्षक झोपेतही जागा ठेवला तर वीसेक मायक्रोअँपिअर जातात आणि आयुष्य सव्वा वर्षावर येते. बटणाची जागासुद्धा यात मोजावी लागते: चिपच्या पायावर आत एक ओढरोधक असतो, साधारण २० ते ५० किलोओहमचा, आणि बटण दाबलेले असेपर्यंत त्यातून शंभरेक मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणून केबल गुंडाळून ठेवताना ते बटण तिच्याच वेढ्याखाली दाबले गेले तर चूक आज्ञावलीत कोठेही नसताना सेल तीन महिन्यांत मरतो. दाबून धरलेल्या बटणावर आज्ञावली संदेश पुनःपुन्हा पाठवत असेल तर तो एका दिवसातच मरतो. यास्तव एका दाबाला संदेशांची एकच फेरी आणि बटण सुटल्याशिवाय दुसरी नाही, हा नियम आज्ञावलीत पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.

इतक्या लहान धारा मोजायच्या कशा, हाही या कामातला एक कसबी भाग आहे. साधा मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर ठेवला की त्याच्या आतल्या रोधामुळे चिपला मिळणारा दाब घसरतो, चिप जागी होताना कोसळते, पुन्हा सुरू होते, आणि मीटरवर दिसणारा आकडा झोपेचा नसून या धडपडीचा असतो. त्यापेक्षा सेल आणि मंडल यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोधक घालावा, त्याला समांतर एक छोटा स्विच ठेवावा, स्विच जोडलेला असताना चिपला जागे होऊन झोपू द्यावे, मग स्विच उघडावा आणि रोधकावरचा दाब मोजावा. येथे प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मायक्रोअँपिअर असतो आणि कोणत्याही गणिताशिवाय झोपेचा खर्च वाचता येतो. ज्या निर्मात्याने ही मोजणी केलेली नाही त्याने आपले बटण दोन वर्षे टिकेल असे कोणाला सांगू नये.

झोपेचा प्रश्न सुटल्यावर सेलचा स्वभाव आडवा येतो. सीआर२०३२ हा मुळात मिलिअँपिअरच्या दशांशांत सावकाश रिता होण्यासाठी घडवलेला सेल आहे, आणि त्याच्याकडून १०-२० मिलिअँपिअर एकदम मागितले की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलमधल्या रसायनांनी आपल्याच धारेला केलेला विरोध, जाणवू लागतो. नव्या सेलमध्ये तो दहा-पंधरा ओहम असतो. सेल जुना झाला किंवा थंडीने गारठला की साठ, शंभर आणि त्याहूनही वर चढतो. साठ ओहमच्या सेलमधून संदेशाच्या प्रत्येक स्पंदात २० मिलिअँपिअर ओढले तर १.२ व्होल्ट आतच खर्ची पडतात, चिपला १.८ व्होल्ट उरतात आणि ती तग धरण्याच्या अगदी काठावर येते. अशा सेलवर बटण उन्हाळ्यात चालते आणि जानेवारीत मुके होते, आणि सेल काढून मीटरवर पाहिला तर तो २.९ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर त्याच्याकडून काहीच ओढत नाही. तीनशे-साडेतीनशे ओहमचा रोधक क्षणभर जोडून त्याच वेळी दाब वाचला तरच सेलची खरी प्रकृती कळते.

सेलला समांतर कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार तात्पुरता साठवणारा घटक, लावावा असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो बरोबर आहे, परंतु त्याची मर्यादा क्वचितच सांगितली जाते. ४०० मायक्रोसेकंदांच्या एका स्पंदाला २० मिलिअँपिअरच्या दराने ८ मायक्रोकूलंब भार लागतो आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तो पुरवताना जेमतेम ०.०८ व्होल्टने खाली येतो. म्हणजे स्पंदांची उसळी तो स्वतःवर घेतो आणि सेलला फक्त सरासरी भार वाहावा लागतो. संदेशात प्रेषक निम्मा वेळ बंद असल्याने ही सरासरी १० मिलिअँपिअर होते आणि साठ ओहमच्या सेलमध्ये १.२ऐवजी ०.६ व्होल्ट हरवतात, ज्यामुळे चिप सुखाने चालते. सबंध संदेश मात्र इतका छोटा कपॅसिटर पेलू शकत नाही. तशी अपेक्षा धरणाऱ्याची निराशा होते. शिवाय साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतःच थोडा गळतो, आणि ही गळती काही मायक्रोअँपिअरची, म्हणजे झोपलेल्या चिपच्या खर्चाच्या दहापट असू शकते. सिरॅमिक जातीचा कपॅसिटर येथे दोन पैसे महाग पडला तरी तोच घ्यावा.

झोप आणखी गाढ करण्याचा एक मार्ग म्हणजे झोपच काढून टाकणे: बटण दाबले तरच सेल मंडलाला जोडला जावा आणि एरवी तो पूर्णपणे तुटलेला असावा. गॅरेजचे जुने रिमोट असेच चालतात. यात अडचण एवढीच की, माणसाचे बोट सेकंदाच्या पंचमांशात उचलले जाऊ शकते आणि संदेश अर्धवट तुटतो. त्यावर सेलच्या वाटेवर एक पी-चॅनेल मॉस्फेट, म्हणजे दाबाने उघडझाप होणारा अर्धवाहक दरवाजा बसवतात. त्याचे दार एका मोठ्या रोधकाने बंद राखलेले असते, बटण ते उघडते, चिप जागी होताच पहिल्या आज्ञेने ते आपल्या हाती धरून ठेवते, संदेशांची फेरी संपवते आणि मग स्वतःच्याच विजेची वाट सोडून देते. हे मंडल चार-पाच घटकांचे आहे, त्याला डाग द्यायला पाव तास लागतो आणि ते एकदा साधले की आज्ञावलीतल्या झोपेच्या साऱ्या चुका निरुपद्रवी होतात, कारण चिपला झोपायचे नसून मरायचे असते. ज्याला मायक्रोअँपिअर मोजण्याची साधने नाहीत त्याच्यासाठी हीच रचना सर्वांत भरवशाची आहे.

इतर सेलांचा विचार थोडक्यात होतो. रिमोटमधला १२ व्होल्टचा ए२३ हा सेल मोहात पाडतो, कारण एफएस१०००एसारखे स्वस्त प्रेषक ३ ते १२ व्होल्टवर चालतात आणि दाब वाढवला की त्यांचा पल्ला वाढतो. परंतु या सेलच्या पोटात आठ इवलेसे अल्कलाइन सेल एकावर एक रचलेले असतात, धारणक्षमता ५५ मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, आणि चिपसाठी नियामक घालावाच लागतो. येथे पल्ल्याची गरजही नाही, कारण गन हातात घेतलेला माणूस झाकणापासून दोन पावलांवर असतो. ३ व्होल्टवरचा दुबळा प्रेषक आणि १७.३ सेंटिमीटरची तार, जी ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या तरंगलांबीच्या चौथाईएवढी असते, इतके त्याला पुरे. जागा असेल तर दोन एएए सेल सीआर२०३२पेक्षा सरस ठरतात, त्यांची धारणक्षमता चौपट-पाचपट आणि अंतर्गत रोध अगदी कमी असतो. मिनेसोटा किंवा नॉर्वेसारख्या हिवाळ्यात मात्र अल्कलाइनऐवजी लिथियम जातीचे सेल घ्यावेत. फोनमधल्यासारखी पुनर्भारणक्षम लिथियम-आयन बॅटरी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत राहणाऱ्या बटणात घालू नये. त्याच कारणाने त्रिमित मुद्रणाचे खोके पीएलए या साठ अंशांच्या आसपास मऊ पडणाऱ्या प्लॅस्टिकचे नसावे. पीईटीजी अधिक टिकते.

सेलचा हा सारा व्याप टाळून जवळच असलेली वीज घ्यावी असा विचार येणे स्वाभाविक आहे, आणि येथे मात्र ठाम इशारा देणे आवश्यक ठरते. जे१७७२च्या गनमध्ये पाच पिना असतात: दोन मुख्य विजेच्या, एक भूसंपर्काची, एक खिट्टीच्या वर्दीची आणि एक नियंत्रक संकेताची. यांतली वर्दीची तार मोटारीकडूनच वीज घेते, म्हणून गन लागण्यापूर्वी ती मृत असते. नियंत्रक संकेताच्या तारेवर मात्र गन हुकवर लटकत असतानाही १२ व्होल्ट असतात, आणि बटणासाठी १२ व्होल्ट आयते मिळाले असे कोणालाही वाटू शकते. पण ही तार वीज पुरवण्यासाठी नाही. तिच्यामागे चार्जरमध्ये १ किलोओहमचा रोधक आहे आणि समोरच्याने किती धारा ओढली यावरून चार्जर परिस्थिती ओळखतो. १२ व्होल्ट म्हणजे कोणी नाही. मोटार जोडली की ती ३ मिलिअँपिअर ओढते, दाब ९ व्होल्टवर येतो आणि चार्जर हजार हर्ट्झचा चौकोनी तरंग सुरू करून आपण किती अँपिअर देऊ शकतो हे त्या तरंगाच्या रुंदीतून सांगतो. मोटार तयार झाली की ती ६ मिलिअँपिअर ओढते, दाब ६ व्होल्टवर येतो आणि चार्जर आपला काँटॅक्टर, म्हणजे मुख्य विजेचा दणकट स्विच, जोडून टाकतो.

याचा अर्थ स्पष्ट आहे. या तारेला चिकटलेले बटण संदेश सोडताना ६ मिलिअँपिअरच्या जवळपास पोहोचले, आणि त्यात एक डायोड असा बसला असला की तरंगाचा उणे भाग अस्पर्शित राहतो, तर चार्जरच्या दृष्टीने ती मोटारच असते, आणि माणसाच्या हातातल्या, अजून कोठेही न लावलेल्या गनच्या पिनांवर २४० व्होल्ट येतात. पिना खोल असतात, बोट सहज पोहोचत नाही आणि भूगळती ओळखणारा रक्षकही चार्जरमध्ये असतो. पण चार्जिंगची ही सबंध पद्धत ज्या एका तत्त्वावर उभी आहे, म्हणजे गन मोटारीत बसल्याशिवाय तिच्यात वीज येऊ नये, ते तत्त्व झाकण उघडण्याच्या सोयीसाठी मोडण्यासारखे नाही. अर्धा मिलिअँपिअरच ओढून कपॅसिटर सावकाश भरावा, अशी चतुर तोडही सुचवता येते, आणि कागदावर दाब तेव्हा ११.५ व्होल्ट राहून मर्यादेत बसतो. परंतु चार्जिंग सुरू असताना तोच कपॅसिटर तरंगाच्या कडा बोथट करतो, आणि त्या तरंगाच्या रुंदीवरच मोटार किती अँपिअर ओढायचे हे ठरवते. प्रमाणित केबलवर बाहेरून काही बांधणे वेगळे आणि तिच्या तारांना हात घालणे वेगळे. ही सीमा घरगुती निर्मात्याने कधीही ओलांडू नये.

ज्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर सॉकेट आहे त्यांच्यासाठी सुरक्षित आणि अधिक सुबक पर्याय उपलब्ध असतो. गन ज्या हुकवर टांगतात त्या हुकात एक रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारी काचनळीतली पात्यांची जोडी, बसवायचा, गनच्या पट्ट्यावर लहान चुंबक लावायचा आणि प्रेषकाला फोनच्या जुन्या चार्जरमधून ५ व्होल्ट द्यायचे. गन हुकवरून उचलली की स्विच सुटतो आणि झाकण उघडते. गनवर ना सेल असतो, ना चिप. येथे झोपेचा हिशेब करण्याची गरजच नाही, कारण ५० मिलिअँपिअर अखंड खाणारा बोर्डसुद्धा वर्षाला सव्वादोन युनिटच्या आतबाहेरच राहतो. घरच्या एकाच चार्जरपुरते पाहिले तर ही रचना सेलवाल्या बटणापेक्षा निर्विवाद श्रेष्ठ आहे. प्रवासात दुसऱ्यांच्या गनवर ती उपयोगाची नाही इतकेच.

बटण सेल वापरणाऱ्या प्रत्येक निर्मात्यावर एक जबाबदारी येते आणि ती सर्व विद्युतगणितांहून मोठी आहे. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो, ओल्या ऊतींमधून त्याची धारा वाहू लागते, उणे टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजण्याची जखम होऊ शकते. अमेरिकेत एका अठरा महिन्यांच्या मुलीच्या अशाच मृत्यूनंतर २०२२ साली रीझ लॉ हा कायदा झाला, आणि त्याखालील मानकाप्रमाणे ग्राहकोपयोगी वस्तूंत सेलचा कप्पा एखाद्या हत्याराशिवाय किंवा दोन स्वतंत्र हालचाली एकाच वेळी केल्याशिवाय उघडता कामा नये. घरी केलेल्या एका वस्तूला निरीक्षक येत नसतो, म्हणूनच तिच्या झाकणाला दाबून बसणारी पट्टी नको, स्क्रू हवा.

रेडिओचे नियम या बटणाशी उदारपणे वागतात. अमेरिकेच्या दूरसंचार नियमांच्या पंधराव्या भागात स्वतःच्या वापरासाठी, विक्रीविना आणि पाचपर्यंत संख्येत केलेल्या उपकरणांना पूर्वमान्यतेतून सूट आहे. हाताने चालवलेला असा प्रेषक बटण सोडल्यापासून पाच सेकंदांत गप्प झाला पाहिजे, अशी अट त्याच भागात आहे. युरोपात ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १० मिलिवॉटची मर्यादा आहे आणि भारतातही ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झमध्ये अल्पशक्ती उपकरणांना परवान्याची गरज नसते. जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातले पहिले दालन उघडले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे प्रेषक, चिपा आणि सेल विकत मिळतात, तेव्हा हा छंद येथेही येणे शक्य आहे. मात्र येथल्या मोटारींचा चार्जिंग जोड सीसीएस२ जातीचा असल्याने अमेरिकेतली अडाप्टरची अडचण येथे त्याच रूपात उद्भवत नाही.

सेलच नको, बोटाच्या दाबातच वीज असावी, ही कल्पना जुनी आहे. झेनिथ कंपनीने १९५६ साली आणलेल्या स्पेस कमांड या दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी बॅटरी घातलीच नव्हती. बटण दाबले की एक लहान हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आदळे आणि कानांना न ऐकू येणारा ध्वनी संचाला आज्ञा देई. बॅटरी संपली तर गिऱ्हाइकाला संचच बिघडला असे वाटेल, ही भीती त्यामागे होती. आज म्युनिकजवळची, सिमेन्समधून २००१ साली निघालेली एनओशन ही कंपनी भिंतीवरचे असे बिनसेलचे रेडिओ बटण करते, ज्यात एका दाबाने चुंबक हलतो आणि १२० ते २०० मायक्रोज्यूल ऊर्जा मिळते. या बटणाचा संदेश सुमारे एका मिलिसेकंदात संपतो म्हणून एवढी ऊर्जा पुरते. चार्जिंग पोर्टच्या एकाच संदेशाला मात्र ४,००० मायक्रोज्यूलच्या आसपास लागतात, म्हणजे किमान वीस पट, आणि संदेशाची लांबी निर्मात्याच्या हातात नाही. ती मोटारीतल्या ग्राहकाने ठरवली आहे, आणि ती ठरली तेव्हा समोर भिंतीची वीज असलेली मूठ होती.

प्रकाशावर चालणारा पर्याय यापेक्षा जवळ येतो. हातगणकावर असते तशा काळपट सौरपट्टीचा दहा चौरस सेंटिमीटरचा तुकडा गॅरेजच्या साध्या दिव्याखाली ५० मायक्रोवॉटच्या आसपास देतो, आणि संदेशांच्या पूर्ण फेरीला लागणारे ३० मिलिज्यूल त्यातून दहा मिनिटांत जमतात, ०.०४७ फॅरडचा सुपरकपॅसिटर ३ व्होल्टपर्यंत भरला तर २.२ व्होल्टपर्यंत उतरेतो त्यात तीन दाब बसतात. पण त्या कपॅसिटरची गळती केवळ एक मायक्रोअँपिअर धरली तरी साडेदहा तासांच्या अंधारात तो स्वतःहूनच तेवढा उतरतो, आणि संध्याकाळी भरून ठेवलेले बटण सकाळी कामावर निघणाऱ्या माणसाला उत्तर देत नाही. वर्षाला एक टक्का झिजणारा सीआर२०३२ त्या रात्रीत काहीच गमावत नाही, आणि म्हणून आजच्या घडीला मॉस्फेटच्या दरवाजामागे बसवलेला, स्क्रूने बंद केलेला तो एक सेल या बटणासाठी योग्य निवड ठरतो.